दहा अक्षरांत मावलेला महाराष्ट्र

अंधेरीच्या गाडीवर ०२ आणि बोरिवलीच्या गाडीवर ४७. मधे लोकलची पाच स्टेशनं: जोगेश्वरी, राम मंदिर, गोरेगाव, मालाड, कांदिवली. मग मधले चव्वेचाळीस आकडे गेले कुठे?

हा प्रश्न माझ्या नऊ वर्षांच्या भाचीचा. पश्चिम द्रुतगती मार्गावर रिक्षात बसून आम्ही बोरिवलीकडे निघालो होतो, आणि गर्दीत गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. ती पुढच्या प्रत्येक गाडीची नंबरप्लेट मोठ्याने वाचत होती. वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "मामा, शून्य दोनच्या शेजारी सत्तेचाळीस कसं काय राहतं?" मला चटकन उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं या प्लेट डोळ्यांसमोरून जात होत्या आणि मी त्या वाचल्याच नव्हत्या. घरी आल्यावर मी राज्यातल्या आरटीओंची यादी काढून बसलो, आणि त्या रात्री मला नंबरप्लेटचं जे वेड लागलं ते अजून उतरलेलं नाही.

आधी रचना पाहू. दोन अक्षरं, दोन अंक, पुन्हा दोन अक्षरं, शेवटी चार अंक. एकूण दहा चिन्हं. पहिली दोन अक्षरं राज्याची. आपलं राज्य एमएच. इंग्रजीत 'एम'पासून सुरू होणारी राज्यं पाच, म्हणून मध्य प्रदेश एमपी, मेघालय एमएल, मणिपूर एमएन आणि मिझोराम एमझेड. पुढचे दोन अंक गाडी कोणत्या आरटीओत नोंदली ते सांगतात. गाडी कुठल्या 'पासिंग'ची, असं आपण विचारतो ते याच दोन अंकांबद्दल. त्यानंतरची अक्षरं म्हणजे मालिका, आणि शेवटचे चार अंक त्या मालिकेतला त्या गाडीचा क्रमांक.

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि देशभर ही रचना आली. महाराष्ट्रातल्या कार्यालयांना ओळीने क्रमांक मिळाले. ती यादी नकाशावर बोट ठेवून वाचावी.

०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा. मुंबई झाली. ०४ ठाणे, ०५ कल्याण, ०६ पेण म्हणजे रायगड, ०७ सिंधुदुर्ग, ०८ रत्नागिरी. कोकण संपलं. आता घाट चढा. ०९ कोल्हापूर, १० सांगली, ११ सातारा, १२ पुणे. कोल्हापूरहून पुण्याला येणारी एसटी याच क्रमाने येते! १३ सोलापूर, १४ पिंपरी-चिंचवड. मग उत्तरेला १५ नाशिक, १६ अहिल्यानगर, १७ श्रीरामपूर, १८ धुळे, १९ जळगाव. तिथून मराठवाड्यात २० छत्रपती संभाजीनगर, २१ जालना, २२ परभणी, २३ बीड, २४ लातूर, २५ धाराशिव, २६ नांदेड. वऱ्हाडात २७ अमरावती, २८ बुलढाणा, २९ यवतमाळ, ३० अकोला. शेवटी ३१ नागपूर, ३२ वर्धा, ३३ गडचिरोली, ३४ चंद्रपूर, ३५ गोंदिया, ३६ भंडारा.

ही राज्याची प्रदक्षिणा आहे. कोकण, पुणे, नाशिक, मराठवाडा, अमरावती, नागपूर असे महसुलाचे सहा विभाग आहेत, आणि आकडे त्याच क्रमाने समुद्रापासून झाडीपट्टीपर्यंत चालत जातात. शाळेत आपण जिल्हे घोकून पाठ केले. तेच जिल्हे रोज आपल्या पुढे धावत होते, प्रत्येकी दोन अंकांत.

प्रदक्षिणा ३६ वर पूर्ण होते आणि तिथून आकडे वेगळं काही सांगू लागतात. ३७ वाशीम, ३८ हिंगोली, ३९ नंदुरबार. हे तिन्ही जिल्हे १९९८-९९ मध्ये जन्मले, म्हणजे ही रचना आल्यानंतर. त्यांची नावं यादीच्या मधे घुसवता आली नसती, कारण तिथले आकडे आधीच लाखो गाड्यांवर रंगवून झाले होते. म्हणून नवा आला की तो रांगेच्या शेवटी उभा राहिला. पुढे ४० नागपूर ग्रामीण, ४१ मालेगाव, ४२ बारामती, ४३ नवी मुंबई, ४४ अंबाजोगाई, ४५ अकलूज, ४६ पनवेल, आणि मग आमची बोरिवली ४७. तिच्या मागे ४८ वसई, ४९ नागपूर पूर्व, ५० कराड.

भाचीला उत्तर मिळालं. ३६ पर्यंतचे आकडे भूगोल आहेत आणि त्यापुढचे इतिहास. अंधेरीच्या कार्यालयावरचा भार वाढला, उत्तरेकडची उपनगरं वेगळी झाली, त्यांना बोरिवलीतल्या चिकूवाडीला स्वतःचं कार्यालय मिळालं. तोवर रांग ४६ पर्यंत पोचली होती. म्हणून शेजारीण ४७. ०२ आणि ४७ या दोन आकड्यांमधलं अंतर किलोमीटरचं नाही, वर्षांचं आहे. गावंच्या गावं फ्लॅटांनी भरली, बोरिवलीच्या पुढेही माणसं राहायला गेली, दारादारात स्कूटर आल्या. ती सगळी वाढ या उडीत आहे.

या आकड्यांची निष्ठाही पाहण्यासारखी आहे. अलीकडच्या काही वर्षांत औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. पण २०, २५ आणि १६ जागचे हलले नाहीत. कागदोपत्री जिल्ह्याचं नाव बदलतं, गाडीच्या कपाळावरचा आकडा तोच राहतो.

उपनगरात राहणाऱ्यांसाठी यात आणखी एक गमतीची गाठ आहे. मुंबई उपनगर हा जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी वेगळा झाला. आकड्यांची ही पद्धत त्याच्या सव्वा वर्ष आधीची. त्यामुळे हे आकडे जिल्ह्याची हद्द पाळत नाहीत, ते आपल्या सवयीची 'वेस्टर्न लाइन' आणि 'सेंट्रल लाइन' पाळतात. वांद्र्याच्या पुढची पश्चिम उपनगरं अंधेरीच्या आंबिवलीतल्या आरटीओकडे गेली, तर कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड या पूर्व उपनगरांचा ०३ वडाळ्याला बसतो. वडाळा स्वतः मात्र शहर जिल्ह्यात आहे. म्हणजे मुलुंडच्या माणसाचा जिल्हा उपनगर, आणि त्याच्या गाडीचं माहेर मुंबई शहराच्या बेटावर. ८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हा ती खरं तर ०२ आणि ०३ यांना जोडणारी गाडी होती.

रिक्षाकडेही याच नजरेने पाहा. पश्चिमेला वांद्रे आणि पूर्वेला शीव ओलांडून रिक्षा बेटावर जात नाही. म्हणून उपनगरातल्या रिक्षांच्या पाठीवर ०२, ०३ आणि ४७ हे आकडे भेटत राहतात. ताडदेवचा ०१ आणि तीन चाकं ही जोडी डोळ्यांच्या सवयीचीच नाही.

ही शिस्त यायच्या आधी काय होतं? तीन अक्षरं आणि चारपर्यंत अंक. मुंबई राज्याच्या काळात 'बी एम'ने सुरू होणाऱ्या प्लेट होत्या, १९६० नंतर 'एम आर', 'एम एम' अशा आल्या. खासगी गाडीची पट्टी काळी आणि अक्षरं पांढरी. जुन्या हिंदी-मराठी सिनेमांतल्या फियाट आणि अँबेसिडरच्या पुढे ती दिसते. त्या अक्षरांतून गाव ओळखायचं तर पाठांतरच हवं. त्याच्याही मागे गेलं तर पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ मध्ये गाड्यांना ओळखपट्टी लावायला सांगितली. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९०४ पासून ती कायद्याने आली. गर्दीत धावणाऱ्या यंत्राला नाव हवं, ही कल्पना अवघी सव्वाशे-दीडशे वर्षांची आहे.

आता गणित. मला सगळ्यात जास्त थक्क केलं ते या भागाने. मालिकेच्या अक्षरांत 'आय' आणि 'ओ' वापरत नाहीत, कारण धावत्या गाडीवर 'आय' आणि एक, 'ओ' आणि शून्य यांत गल्लत होते. गाडीच्या सतरा चिन्हांच्या चॅसिस नंबरातूनही याच कारणाने ही दोन अक्षरं वगळलेली असतात, आणि तिथे 'क्यू'सुद्धा नसतो. सव्वीसमधून दोन गेली, उरली चोवीस. मालिकेला कधी एकच अक्षर असतं. अशा मालिका २४, दोन अक्षरांच्या चोवीस गुणिले चोवीस म्हणजे ५७६. दोन्ही मिळून बरोब्बर ६००.

प्रत्येक मालिकेत ०००१ ते ९९९९ असे ९,९९९ नंबर. सहाशे गुणिले ९,९९९ म्हणजे ५९,९९,४००. साठ लाखांना फक्त सहाशे कमी! आणि ते सहाशे का कमी, तर प्रत्येक मालिकेत चार शून्यांचा नंबर कोणालाच मिळत नाही म्हणून. एका अंधेरीच्या पोटात साठ लाख गाड्यांची जागा आहे. जुन्या पद्धतीत 'एम'ने सुरू होणाऱ्या तीन अक्षरी सगळ्या मालिका धरल्या, आणि आय-ओ वगळले, तरी त्या ५७६ च भरतात. तेवढ्या आज एकट्या अंधेरीकडे दोन अक्षरांच्या आहेत, तेवढ्याच बोरिवलीकडे, तेवढ्याच गडचिरोलीकडे.

शेवटच्या चार अंकांत तर खजिनाच आहे. आपल्याकडे नंबर घेताना बेरीज करतात. चार अंक मिळवायचे, येणाऱ्या बेरजेचे अंक पुन्हा मिळवायचे, एकच अंक उरेपर्यंत. कोणाला नऊ हवा असतो, कोणाला पाच. ९,९९९ ला नवाने भागा. उत्तर १,१११. म्हणजे प्रत्येक मालिकेत बेरीज एक येणारे नंबर १,१११, दोन येणारे १,१११, आणि नऊ येणारेही १,१११ च. एकाही आकड्याला एक नंबर कमी नाही की जास्त नाही.

सिग्नलला उभं असताना दुसरी एक गोष्ट करून पाहा. चारही अंक वेगवेगळे असलेले नंबर किती असतील? पहिल्या जागी दहा पर्याय, मग नऊ, मग आठ, मग सात. गुणाकार ५,०४०. उरलेल्या ४,९५९ नंबरांत एखादा अंक तरी पुन्हा आलेला असतो. म्हणजे जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या गाडीच्या नंबरात जोडी सापडते. आम्ही कांदिवली येईपर्यंत मोजत होतो. आधी भाचीला वाटत होतं की जोड्या दुर्मीळ असतील. उलटे-सुलटे सारखे वाचता येणारे नंबर मात्र एका मालिकेत फक्त ९९, आणि चारही अंक तेच असलेले तर नऊच.

दुर्मीळ म्हटलं की मोल आलंच. पसंतीचा नंबर शासनाकडे शुल्क भरून घेता येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवलेल्या दरांप्रमाणे मुंबई, मुंबई उपनगर, पुणे, ठाणे अशा मोठ्या मागणीच्या जिल्ह्यांत चारचाकीसाठी ०००१ ला ६ लाख रुपये पडतात. चालू मालिका सोडून दुसऱ्या मालिकेतला ०००१ हवा असेल तर आकडा १८ लाखांपर्यंत जातो. कोणी आईची जन्मतारीख मागतं, कोणी ७८६, कोणी पहिल्या स्कूटरचा नंबर नव्या गाडीला मागतं. यंत्राला दिलेल्या नावात माणूस आपलं काहीतरी ठेवू पाहतो, हे मला फार जवळचं वाटतं.

याच ओढीतून महाराष्ट्राने आपली अशी एक लिपी घडवली. प्लेटवर इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे असावेत असा नियम. पण मराठी डोळा आकड्यातही देवनागरी शोधतो. इंग्रजी चार थोडा गोलसर काढला की त्याचा 'द' दिसतो, शेजारचा एक म्हणजे काना. म्हणून ४१४१ झाला 'दादा'. दोनाचा 'र', एकाचा काना, चाराचा 'म', म्हणून २१४ झाला 'राम'. ४९१२ मध्ये पवारांना आपलं आडनाव दिसलं. आरटीओबाहेरच्या पेंटरांनी ब्रशच्या दोन फटकाऱ्यांत ही जादू वर्षानुवर्षं केली. नियमात ती बसत नव्हती, आणि पोलिसाला धावती गाडी ओळखता आली पाहिजे हे नियमामागचं कारणही पटण्यासारखं आहे. तरीही कुठल्याशा परक्या आकड्यात मातृभाषा वाचणाऱ्या त्या नजरेचं मला कौतुक वाटतं.

आता ती अक्षरं साच्यातून येतात. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी प्लेट सक्तीची झाली. त्याआधीच्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात पहिली मुदत मार्च २०२५ ची होती आणि ती पुढे अनेकदा वाढवावी लागली. ही प्लेट एकदा जवळून, बोट फिरवून पाहा. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर अक्षरं उठावाची आहेत. डावीकडे वरती वीस मिलिमीटर चौकोनात अशोकचक्राचा होलोग्राम, खाली निळ्यात देशाची तीन अक्षरं, आणि लेझरने कोरलेला एक कायमचा क्रमांक. तो प्रत्येक प्लेटचा वेगळा असतो, म्हणजे नंबरप्लेटलाही स्वतःचा नंबर आहे. काळ्या अक्षरांवर तिरकं पाहिलं तर देशाचं नाव पुन्हा पुन्हा छापलेलं दिसतं. प्लेट बसवणारी कुलपं अशी की ती काढायला गेलं तर तुटतात, पुन्हा वापरता येत नाहीत.

आणि तिचा पृष्ठभाग रात्री काय करतो तेही बघा. साधा आरसा उजेड समोर फेकतो, भिंत तो सगळीकडे विखरते. या प्लेटवरचा पडदा उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतो. अशा पडद्यांत अतिसूक्ष्म काचमणी किंवा कोपऱ्यांसारखे चिमुकले लोलक असतात. काचमण्यात शिरताना किरण वाकतो, मागच्या बाजूला आपटून परततो, बाहेर पडताना पुन्हा वाकतो, आणि आल्या वाटेने निघून जातो. म्हणून घाटकोपरजवळ रात्री पूर्व द्रुतगती मार्गावर तुमच्या दिव्यांनी पुढची प्लेट लखलखते ती फक्त तुमच्यासाठी. फुटपाथवरच्या माणसाला ती मंदच दिसते. शेजारच्या गाडीच्या दिव्यांचा उजेड ती त्या गाडीकडे परत करते, तुमचा तुमच्याकडे.

रंगही बोलतात. पांढऱ्यावर काळं म्हणजे खासगी गाडी. पिवळ्यावर काळं म्हणजे टॅक्सी, रिक्षा, ट्रक. काळ्यावर पिवळं असेल तर स्वतः चालवायला भाड्याने घेतलेली गाडी. हिरवी पट्टी विजेच्या गाडीची, त्यात पांढरी अक्षरं खासगी आणि पिवळी अक्षरं प्रवासी किंवा मालवाहू. निळ्यावर पांढरं म्हणजे परदेशी वकिलातीची. काचेवरच्या स्टिकरलाही रंग आहे, फिकट निळा पेट्रोल किंवा सीएनजीचा, नारिंगी डिझेलचा.

काही प्लेट या सगळ्या व्यवस्थेच्या बाहेरून येतात. सैन्याच्या गाडीवर सुरुवातीला वर टोक केलेला बाण असतो, प्लेट उलटी लागली तर तो लगेच सांगतो. सप्टेंबर २०२१ पासून 'बीएच' म्हणजे भारत मालिका आली. तिच्यात आधी नोंदणीचं वर्ष, मग 'बीएच', मग चार अंक आणि शेवटी अक्षरं. बदलीची नोकरी असणाऱ्यांना प्रत्येक राज्यात गाडी नव्याने नोंदवायला लागू नये म्हणून ती आहे. सैनिक, सरकारी कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपन्यांचे लोक ती घेऊ शकतात. त्याच वर्षी पन्नाशी ओलांडलेल्या जुन्या गाड्यांसाठी 'व्हीए' मालिकाही ठरली. या बीएच गाड्यांना पासिंगचं गाव नाही. मला त्या थोड्या पोरक्या वाटतात, आणि भाचीला त्या फिरस्त्या वाटतात. तिचंच बरोबर असावं.

परवा आम्ही पुन्हा त्याच रस्त्याने गेलो, यावेळी दहिसरपर्यंत. नाक्याच्या अलीकडे ठाण्याच्या बाजूने आलेला एक ट्रक धुळीने माखून उभा होता. भाचीने त्याची पिवळी प्लेट वाचली, बोटांवर मोजलं. "एकतीस नागपूर, बत्तीस वर्धा, तेहेतीस… मामा, गडचिरोली!"

राज्याच्या एका टोकाचा आकडा दुसऱ्या टोकाला येऊन उभा होता. तिने लगेच विचारलं, येताना त्याला वाटेत कोणकोण भेटलं असेल? मग आम्ही धुळ्याच्या वाटेने त्याला घेऊन आलो. नागपूरचे एकतीस, वर्ध्याचे बत्तीस, अमरावतीचे सत्तावीस, अकोल्याचे तीस, बुलढाण्याचे अठ्ठावीस, जळगावचे एकोणीस, धुळ्याचे अठरा, मालेगावचे एक्केचाळीस, नाशिकचे पंधरा, ठाण्याचे चार. इतक्यांच्या शेजारून तो चालत आला होता.

"आणि मग?" मी विचारलं.

रिक्षाच्या कडेने वाकून तिने बाजूच्या स्कूटरची प्लेट पाहिली. "मग सत्तेचाळीस," ती म्हणाली. "मग आपण."